बिबट्याच्या बातमीला चित्त्याचा फोटो

संपादक साहेब, नमस्कार.

परवा आमच्या भागातल्या एका सोसायटीत बिबट्या शिरल्याची बातमी तुम्ही छापलीत आणि सोबत फोटो टाकलात चक्क चित्त्याचा. डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ, ठिपके भरीव आणि गोल, अजून काय पुरावा पाहिजे! मागे एकदा जॅग्वार छापला होतात, तो तर अमेरिकेतला. बिबट्याच्या अंगावर पोकळ कडी असतात, जॅग्वारच्या कड्यांच्या आत परत बारके ठिपके, एवढं बघितलं तरी काम भागतं.

लोक म्हणतील ठिपके ते ठिपके, त्यात काय एवढं. पण ते उगाच नसतात ना. बिबट्या दबा धरून शिकार करणारा, आपल्या बोरिवलीच्या नॅशनल पार्कात किंवा आरेच्या जंगलात झाडांखाली उन्हाचे कवडसे पडतात त्यात तो जवळच बसला असला तरी पटकन दिसत नाही. सिंह मोकळ्या माळावरचा म्हणून एकरंगी, त्याच्या बछड्यांना मात्र लहानपणी फिकट ठिपके असतात. आता चित्ता पण मोकळ्या गवतातलाच की, तरी ठिपक्यांचा, म्हणजे सगळ्यांना एकच नियम लागत नाही. झेब्र्याचे पट्टे लपायला असतात असं आपण शाळेत ऐकलं, पण 2019 मध्ये घोड्यांना पट्टेरी झूल घालून बघितलं तर चावऱ्या माश्या जवळ येत होत्या आणि पट्ट्यांवर त्यांना नीट उतरताच येत नव्हतं.

आणि ही नक्षी उमटते कशी ते तर अजून भारी आहे. कॉम्प्युटरवाला अ‍ॅलन ट्युरिंग, त्याने 1952 मध्ये गणिताने मांडलं की एक रसायन चेतवणारं आणि दुसरं दाबणारं, दोन्ही वेगवेगळ्या स्पीडने पसरली की ठिपके किंवा पट्टे आपोआप तयार होऊ शकतात, कोणी आखून द्यायला नको. शेपटी निमुळती होत गेली की ठिपक्याला जागा पुरत नाही, मग टोकाकडे गोल पट्टे होतात, बिबट्याची शेपटी बघा कधीतरी.

म्हणूनच दोन बिबट्यांची नक्षी सारखी नसते, एकाच बिबट्याची डावी आणि उजवी बाजू पण वेगळी. नॅशनल पार्कात कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) लावून मोजणी करतात ती याच्यावरच. त्यामुळे अंधुक सीसीटीव्ही बघून ‘तोच बिबट्या पुन्हा आला’ अशी हेडिंग देता ना, ते कशाच्या जोरावर? ठिपके जुळवून बघितले का कोणी? आपल्याकडे एवढ्यावरून लगेच पिंजरा लावा म्हणून आरडाओरडा सुरू होतो, व्हॉट्सअ‍ॅपवर तर विचारू नका.

पुढच्या बातमीला बिबट्याचाच फोटो टाका. नसेल मिळत तर बिनफोटोची छापा, चालेल.

– एक वाचक, बोरिवली (पूर्व)