रायफल आखूड, नळी नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला आधुनिक रायफलींवरचा लेख वाचला आणि डोकं फिरलं. ‘रायफल आखूड म्हणजे नळी आखूड, त्यामुळे मारा जवळचाच’ असं छापून मोकळे झालात. शेजारी फोटो मात्र टॅवोर या इस्रायली रायफलीचा! त्या फोटोत मॅगझिन कुठं आहे एवढं तरी बघायचं होतं. घोड्याच्या मागं आहे. खरी मेख तिथंच आहे.

मी मराठा लाइट इन्फंट्रीत २१ वर्षं काढली, त्यातली बहुतेक इन्सास खांद्यावर घेऊन. इन्सासची लांबी साधारण ९६ सेंमी, नळी ४६. टॅवोर टार-२१ ची नळीही ४६च, पण अख्खी रायफल ७२ सेंमीची. गोळी दोन्हींत ५.५६ मिमीचीच. मग २४ सेंमी गेले कुठं? बटात, म्हणजे मागच्या दस्त्यात गेले. साध्या रायफलीत बट खांद्याला टेकवण्यापुरताच असतो. टॅवोरसारख्या रचनेला बुलपप म्हणतात; तिच्यात चेंबर, बोल्ट, मॅगझिन सगळं त्या बटात, घोड्याच्या मागं बसवलेलं असतं. गोळीला वेग घ्यायला नळी तेवढीच मिळते. टॅवोरच्याच घरातल्या एक्स-९५ ची गोष्ट वेगळी. तिची नळी खरोखरच ३३ सेंमीची आहे, आपलं वाक्य तिला थोडंफार लागू पडलं असतं. पण फोटो तिचा नव्हता.

या २४ सेंमीची किंमत मला कुपवाड्यात कळली. लाकडी घराची झडती होती. जिना इतका अरुंद की खांदे तिरके करून चढायचं. वरच्या वळणावर मी वळलो आणि इन्सासचं तोंड दाराच्या चौकटीवर आपटलं, टक्‌! खालचे सगळे जागच्या जागी थिजले. मला ना पुढं जाता येईना, ना रायफल सरळ करता येईना. आत घड्या घातलेल्या रजया आणि एक कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची शेगडी होती, अजून कोमट. माणूस नव्हता, म्हणून आज हे पत्र लिहितोय.

बुलपपमध्ये खोट नाही असं मी म्हणत नाही. बेळगावात कमांडो कोर्सला आलेल्या एका पॅरावाल्यानं ती माझ्या हातात दिली, तेव्हा मॅगझिन बदलायला माझा हात सवयीनं पुढंच गेला. ते काखेजवळ, न बघता बदलायला वेगळा सराव लागतो. डाव्या खांद्यावर घेतली तर गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या गालाशी येतात. टॅवोरचा बोल्ट बदलून ती डावखुऱ्यासाठी करता येते, पण ते काम चालू चकमकीत होत नाही. फ्रान्सनं आपली बुलपप फामास सोडली, चीनही नव्या रायफलीत पुन्हा साध्या रचनेकडे वळला. लेखात हे यायला हवं होतं. नळीवर खापर कशाला?

एवढ्या तावातावानं लिहायचं कारण म्हणजे माझा पुतण्या. अग्निवीरची तयारी करतोय. आपलं ते वाक्य त्यानं वहीत उतरवून खाली लाल रेघ मारलीय. मी खोडायला सांगितलं तर म्हणतो, “काका, पेपरात आलंय.” खानापूर तालुक्यातली कितीतरी पोरं आपली पुरवणी अशीच वाचतात.

त्यांचा विषय निघालाच आहे, तर हेही छापा. ही पोरं १६०० मीटरचा सराव पहाटे अंधारात डांबरी रस्त्यावर करतात, कारण गावात मैदान नाही. रस्त्याला दिवे नाहीत आणि उसाचे ट्रॅक्टर अंगाला घासून जातात. गेल्या महिन्यात पुतण्या गटारीत उडी मारून वाचला, अजून लंगडतोय. ग्रामपंचायतीला दोनदा अर्ज दिला, पोच मिळाली, दिवा नाही.

लेखातली दुरुस्ती आतल्या पानावर कोपऱ्यात देऊ नका. पुरवणीतच, त्याच जागी, नळीच्या मापासकट द्या. पोरं ते पान कापून ठेवतात.

आपला,
एक निवृत्त हवालदार
ता. खानापूर, जि. बेळगाव