पावसाळ्यासाठी बटन टायर घेण्याआधी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मे संपत आला की भंडारदरा, पहिने, हरिहर, सापुतारा असे बेत ठरू लागतात आणि मोटारसायकलवाल्यांना टायरच्या दुकानात एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘पावसाळा आहे, बटन टायर टाका.’ मोठ्या गुट्ट्यांचा, म्हणजे रबराच्या सुट्या ठोकळ्यांचा हा टायर दिसायला दणकट असतो, त्यामुळे पावसात तोच घट्ट धरेल असे वाटते. चिखलात तो धरतोही. ओल्या डांबरावर मात्र तो रस्त्याच्या चांगल्या टायरपेक्षा कमी धरतो. घोटीमार्गे भंडारदऱ्याला जा, पेठ रस्त्याने सावळघाट उतरा किंवा दिंडोरी-वणीवरून सापुताऱ्याला चढा, चाकाखाली जवळजवळ सगळी वाट डांबराची किंवा काँक्रीटची असते. मुरूम आणि चिखल भेटतो तो शेवटच्या एक-दोन किलोमीटरला, नाहीतर काम चालू असलेल्या तुकड्यात. तिथे गाडी पंधरा-वीसच्या वेगात असते. साठच्या वेगात ब्रेक दाबायची वेळ येते ती ओल्या डांबरावर, म्हणून टायर निवडायचा तो डांबर पाहून.

बटन टायर डांबरावर का घसरतो? दोन गुट्ट्यांमध्ये मोकळी जागा जास्त, म्हणजे रस्त्याला टेकणारे रबर कमी. त्यात ब्रेक लावला किंवा वळणावर गाडी कलली की प्रत्येक गुट्टा सुटा वाकतो आणि गाडी डुलल्यासारखी वाटते. रुंद फटींनी पाणी जास्त बाहेर जाईल हा हिशेब इथे फारसा लागू पडत नाही. मोटारसायकलचा टायर गोल आणि अरुंद असल्याने तो साचलेले पाणी कारच्या टायरपेक्षा सहज कापतो, त्याला मध्यम खाचा पुरतात. टायर पाण्यावर तरंगण्याचा धोका खरा असतो तो ट्रकच्या चाकांनी पडलेल्या चरांत, जिथे पाणी लांबवर उभे राहते. कसारा घाटात आणि महामार्गाच्या डाव्या लेनमध्ये असे चर जागोजागी सापडतात. तिथे कोणत्याही टायरला एकच उपाय: वेग कमी करून चराच्या बाजूच्या उंच पट्ट्यावरून जाणे.

घ्यायचा टायर दुकानात ‘ऑन-ऑफ’ किंवा ‘ड्युअल पर्पज’ म्हणून मिळतो. त्यातही ८०/२० म्हणजे डांबराकडे झुकलेला आणि ५०/५० म्हणजे निम्मा मातीचा. हे आकडे टायर कंपन्यांचे अंदाज आहेत, मोजमाप नव्हे, त्यामुळे नक्षी डोळ्यांनी पाहावी. मधला पट्टा सलग किंवा जवळजवळ जोडलेला असावा आणि खाचा मधून कडेकडे तिरप्या जाव्यात. दोन गुट्ट्यांमधल्या फटीत करंगळी सहज मावत असेल तर तो मातीचा टायर समजावा. हरसूल, सुरगाण्याकडच्या पाड्यांवर ज्यांचे रोजचे येणे-जाणे आहे त्यांना ५०/५० योग्यच. शनिवार-रविवारी फिरणाऱ्यांना ८०/२० पुरेसा आहे, आणि नाशिक-पुणे किंवा मुंबई एवढीच वाट असेल तर रस्त्यासाठीचाच, लांब पल्ल्याचा (टूरिंग) टायर घ्यावा.

गिऱ्हाइकाचा दुसरा प्रश्न असतो, ‘किती किलोमीटर चालेल?’ प्रश्न साहजिक आहे, कारण टायर महाग आहेत. पण जास्त चालण्यासाठी रबर कडक ठेवावे लागते, आणि थंड, ओल्या रस्त्यावर कडक रबर पकड घेत नाही. सिलिका मिसळलेले रबर गारव्यातही मऊ राहते, म्हणून पावसासाठीच्या टायरमध्ये ते वापरतात. त्या टायरचे थोडे कमी किलोमीटर मान्य करावेत. ही काटकसरीची जागा नाही असे आम्हाला ठामपणे वाटते.

रबर वयानेही कडक होते. बाजूच्या भिंतीवर लंबगोलात चार अंक असतात: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. बिल करण्याआधी ते स्वतः वाचावेत. पाच वर्षे झालेला टायर नक्षी शिल्लक असली तरी दरवर्षी तपासून घ्यावा. खाचांच्या तळाशी बारीक भेगा दिसल्या तर पावसाळ्यात तो वापरू नये. वर्षभर उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या टायरवर या भेगा लवकर येतात. खाचांत ठरावीक अंतरावर उंचवटे असतात, त्यांची जागा बाजूला टीडब्ल्यूआय या अक्षरांनी दाखवलेली असते. रबर झिजून त्या उंचवट्यांशी समतल झाले की टायर संपला. पण तिथपर्यंत खाच अवघी एक मिलिमीटरच्या आसपास उरते. पावसासाठी दोन मिलिमीटरलाच बदलावा. खाच मोजायची छोटी पट्टी स्वस्तात मिळते.

खाच मोजताना फक्त मधोमध मोजून भागत नाही. महामार्गावर सरळ चालून मागचा टायर मध्ये सपाट होतो आणि कडेला धार राहते. अशी गाडी सरळ रस्त्यावर ठीक वाटते आणि घाटातल्या पहिल्या वळणावर त्या धारेवरून एकदम आत पडते. तसेच मागचा टायर नवा आणि पुढचा ‘अजून एक सीझन निघेल’ ही सर्रास दिसणारी तडजोड धोक्याची आहे. ब्रेकचा मोठा भार पुढच्या चाकावर येतो. मागचे चाक घसरले तर गाडी सावरायला क्षणभर मिळतो, पुढचे घसरले तर बहुतेक वेळा तेवढाही मिळत नाही. शक्यतो दोन्ही टायर एकाच जोडीचे घ्यावेत, आणि कंपनीने परवानगी दिल्याशिवाय एक रेडियल (आतल्या धाग्यांची मांडणी वेगळी असलेला), एक साधा असे करू नये.

मापाबद्दल एक आग्रह. १३०/८०-१७ (रुंदी १३० मिलिमीटर, उंची तिच्या ८० टक्के, रिम १७ इंची) च्या जागी ‘जरा रुंद’ म्हणून १४०/७०-१७ बसवला, तर रुंदी दहा मिलिमीटरने वाढते, पण एकूण व्यास सुमारे ६४० वरून ६२८ मिलिमीटरवर येतो. गाडी सहा मिलिमीटर खाली बसते आणि चाकाचे फेरे सुमारे दोन टक्क्यांनी वाढतात. त्याहून मोठी अडचण रिमची. अरुंद रिमवर रुंद टायर चिमटला जातो, त्याची पाठ उंच होते आणि रस्त्याला टेकणारा भाग वाढण्याऐवजी घटतो. स्विंगआर्म (मागचे चाक धरणारा दांडा) आणि मडगार्डपाशी जागा कमी उरली तर चिखल अडकून चाक जाम होते. गाडीबरोबर आलेले माप ठेवावे. मापापुढचा आकडा-अक्षरही बघावा: ६६एस म्हणजे ३०० किलो भार आणि ताशी १८० किलोमीटरची मर्यादा. मागे माणूस, दोन बॅगा आणि तंबू घेऊन निघणाऱ्यांनी मूळ टायरपेक्षा कमी भाराचा टायर घेऊ नये. आयएसआय खूण नसेल तर परत करावा. सातपूरला सिएटचा कारखाना आहे, टायर या शहरात बनतात, मग टायरच्या भिंतीवरचे अक्षर वाचणे इथल्या गिऱ्हाइकाला अवघड का जावे?

‘पावसात हवा थोडी कमी ठेवा’ हा सल्ला मात्र कृपया विसरावा. हवा कमी झाली की टायर दबतो, खाचा मिटतात आणि पाणी बाहेर काढायची वाटच बंद होते. शिवाय पाण्याखाली झाकलेल्या खड्ड्यात रिम वाकते. मॅन्युअलमध्ये पुढे २९ आणि मागे ३३ पीएसआय असेल तर पावसातही तेवढीच हवा ठेवावी, मागे माणूस असेल तर त्यासाठी दिलेली. गाडी थंड असताना, निघण्याआधी मोजावी. पंपापर्यंत पाच किलोमीटर गेल्यावर काटा जास्त दाखवतो. खऱ्या चिखलात चार-पाच पीएसआय कमी करता येते, पण डांबराला लागण्याआधी भरता यावी म्हणून हातपंप सोबत हवा.

बसवताना काय चुकते तेही सांगतो. दिशेचा बाण पाळावा. पुढच्या टायरची नक्षी कधी कधी मागच्याच्या उलट दिसते, म्हणून नक्षी जुळवायला टायर फिरवू नये. स्पोकच्या ट्यूब रिमवर टायर बदलताना ट्यूब आणि रिमपट्टी नवीच टाकावी. ताणलेली जुनी ट्यूब नव्या टायरमध्ये दुमडते आणि घडीवर फाटते. ट्यूबलेस टायर आणला म्हणून तशा रिममधली ट्यूब काढता येत नाही, कारण स्पोकच्या भोकांतून हवा जाते. ट्यूबलेस रिम असेल तर व्हॉल्व्हही बदलावा. हवा भरल्यावर रिमलगतची बारीक रेघ सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एका जागी ती आत दबली असेल तर बीड, म्हणजे टायरची रिमला धरणारी कड, नीट बसलेली नाही, साबणपाणी लावून पुन्हा बसवून घ्यावे. मागचे चाक परत लावल्यावर चेनचा ढिलेपणा, स्पेसरची (चाकाच्या बाजूला अंतर राखणाऱ्या नळीची) बाजू आणि एबीएसचा, म्हणजे ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा सेन्सर पाहावा. दुकानातून निघण्याआधी ब्रेकची लिव्हर दोन-चारदा दाबून पाहावी, कारण पॅड मागे ढकललेले असतील तर पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही.

नव्या टायरचा वरचा थर गुळगुळीत असतो. तो उतरेपर्यंत, साधारण दीडशे किलोमीटर, गाडी कलवणे आणि जोरात ब्रेक मारणे टाळावे. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी टायर बसवून शनिवारी पहाटे घाट गाठणे ही सर्वांत वाईट वेळ. पावसाआधी दोन आठवडे, कोरड्या रस्त्यावर तो घासून तयार व्हावा.

काही जागांवर मात्र टायर कितीही चांगला असला तरी उपयोग नाही: पांढरे पट्टे, चेंबरची झाकणे, पहिल्या सरीने वर आलेले तेल, ट्रॅक्टरच्या चाकांतून डांबरावर पडलेला काळ्या मातीचा चिखल. टोमॅटोच्या हंगामात गिरणारे आणि पिंपळगाव बसवंतच्या वाटेवर चिरडलेल्या फळांचा थर पडतो, तो तर तेलासारखाच. सिंहस्थाच्या कामांसाठी खोदलेल्या रस्त्यांवर खडी आणि चिखल यांचा तसाच थर असतो. तिथे गाडी न कलवता सरळ ठेवून, ब्रेक न दाबता पार व्हावे.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. पावसाळ्यात ‘दुचाकी घसरून’ अशा बातम्या रोज येतात आणि तिथेच संपतात. अशा बातमीत पुढच्या व मागच्या टायरची खाच किती उरली होती आणि बाजूवरचे चार अंक काय होते, एवढ्या दोन ओळी आपल्या बातमीदारांनी विचारून छापाव्यात.

आपले,
टायर फिटिंगच्या कामातले काही वाचक
द्वारका, नाशिक