प्रागमध्ये काकांची आठवण

ड्रेस्डेन,
मंगळवार, रात्री साडेअकरा

प्रिय बंड्या,

"चाळीस फोटो टाकलेस, पण धड एक ओळ लिहिली नाहीस," हा तुझा टोमणा पोचला. म्हणून वहीची पानं फाडून बसलोय. हे पत्र काकांना वाचून दाखव, कारण यात त्यांचा बराच संबंध आहे. कसा, ते पुढे येईल.

शनिवारी पहाटे मी आणि माझा रूममेट (नागपूरचा, तोंडाची टकळी अखंड चालू) प्रागला निघालो. ड्रेस्डेनहून गाडीने सव्वादोन-अडीच तास. सगळी वाट एल्ब नदीच्या काठाकाठाने जाते. मध्येच सपाट माथ्याच्या डोंगरावर क्योनिगश्टाइनचा किल्ला दिसतो. थेट आपला अजिंक्यतारा! मी रूममेटला तसं म्हटलं, तर म्हणाला, "तुम्हा सातारकरांना चंद्रावर नेलं तरी तुम्ही तिथे अजिंक्यतारा शोधाल." जर्मनीची सरहद्द ओलांडून चेक देशात कधी शिरलो ते कळलंच नाही. स्टेशनांच्या नावांवर मात्रा-टिंबं दिसायला लागली आणि एल्बची 'लाबे' झाली, एवढंच.

उतरल्या उतरल्या पहिला गाढवपणा केला. तिथे युरो नाही, कोरुना चालतो. 'कमिशन शून्य' अशी पाटी बघून एका दुकानात ६० युरो दिले, हातात जेमतेम हजार कोरुना पडले. हिशेबाने साडेचौदाशेच्या आसपास मिळायला हवे होते. कमिशन शून्य, पण भावातच कापलं! हॉस्टेलवरची मुलगी म्हणाली, पावती असेल तर तीन तासांच्या आत व्यवहार रद्द करून पैसे परत मागता येतात, तसा कायदाच आहे. मी घड्याळ पाहिलं, साडेतीन तास झाले होते. नागपूरकर अजून हसतोय.

आता काकांसाठी. प्रागच्या ट्रॅममध्ये कंडक्टर नसतो! तिकीट आपणच घ्यायचं आणि आत चढल्यावर पिवळ्या यंत्रात घालायचं, की त्यावर वेळेचा शिक्का उठतो. न मारलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट, आणि तपासनीस साध्या कपड्यांत फिरतात. एसटीत छत्तीस वर्षं ज्यांनी तिकिटं पंच केली त्यांना हे कसं वाटेल, या विचाराने मी दोनदा शिक्का मारायला विसरलो. मेट्रोत दारं लागताना सूचना होते, त्यात 'द्वेर्झे' असा शब्द येतो. द्वेर्झे म्हणजे दारं. आपलं द्वारच की! दोनला 'द्वा', चारला 'च्तिर्झी'. दुपारपर्यंत मी प्रत्येक पाटीत संस्कृत शोधत होतो.

२२ नंबरच्या ट्रॅमने गडावर गेलो. तिथलं सेंट व्हिटसचं कॅथेड्रल १३४४ मध्ये बांधायला घेतलं आणि पुरं झालं १९२९ साली. आपल्या गल्लीतल्या गटारीचं काम रखडलंय म्हणून इथून पुढे तक्रार करणार नाही. खाली चार्ल्स पूल. या पुलाचा मुहूर्त ऐक: १३५७ साल, सातव्या महिन्याची नऊ तारीख, पहाटे पाच वाजून एकतीस मिनिटं. ओळीने लिही, १-३-५-७-९-७-५-३-१. उलटसुलट एकच. राजा चौथा चार्ल्स याने ज्योतिषांकडून काढून घेतला म्हणतात. तुझ्या आजीला हे जरूर सांग. चुन्यात अंडी घातली होती अशीही आख्यायिका आहे. आपल्याकडे गूळ, त्यांच्याकडे अंडी.

जुन्या चौकातलं १४१० चं घड्याळ मात्र मला फुसकं वाटलं. तासाचा ठोका पडला की सांगाडा घंटा ओढतो, खिडकीतून बारा प्रेषित फिरतात, शेवटी कोंबडा आरवतो. अर्ध्या मिनिटाच्या कौतुकासाठी तीनशे माणसं मोबाइल वर धरून उभी. असं घड्याळ पुन्हा होऊ नये म्हणून कारागिराचे डोळे काढले, ही गोष्ट तिथेही सांगतात. ताजमहालाच्या कारागिरांचे हात तोडले म्हणतात, त्यातलीच. जेवायला तळलेलं चीज आणि बटाटे. शाकाहारी माणसाला दोन्ही दिवस तेच.

आता मुख्य गोष्ट. दगडी फरसबंदीवर दिवसभर चालून रविवारी सकाळी माझ्या उजव्या बुटाने जीव सोडला. तळ पुढून उसवला, पाऊल टाकलं की फटाक फटाक. एका पायात टाळ बांधून दिंडीला निघाल्यासारखा मी वेन्सेस्लास चौकाच्या वरच्या टोकाला पोचलो. चौक कसला, लांबलचक उताराचा रस्ताच आहे, पूर्वीचा घोडेबाजार. संग्रहालयासमोर तो लोंबता तळ कशाला तरी अडकला आणि मी पडता पडता वाचलो. खाली पाहिलं, तर फरशीतून उगवल्यासारखा एक काशाचा क्रूस. सोव्हिएत फौजा देशात घुसल्या, हळूहळू लोकांनी ते मुकाट सोसायला सुरुवात केली, तेव्हा १९६९ च्या जानेवारीत यान पालाख नावाच्या विद्यार्थ्याने तिथे स्वतःला पेटवून घेतलं होतं. वीस वर्षांचा होता रे. आपल्याहून तीन वर्षांनी लहान. नागपूरकरसुद्धा गप्प झाला. बूट हातात घेऊन मोज्यावरच उतार उतरलो.

चौकाच्या खालच्या टोकाला काचेची सहा-सात मजली इमारत, आणि तिच्यावर लाल अक्षरं: बाटा.

बंड्या, आठवतं? दर जूनला एक नंबर मोठे घेतलेले पांढरे कॅनव्हास, आणि काकांचे दर दिवाळीचे बाटाचे सँडल. "बाटा म्हणजे आपली देशी कंपनी, बाकी सगळं परदेशी थेर," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तर काकांना जरा बसवून मग सांग. बाटा हे आडनाव आहे, चेक आडनाव. टोमाश बाटा, त्याचा भाऊ आणि बहीण यांनी १८९४ मध्ये झ्लीन गावात धंदा सुरू केला. भारतातली कंपनी १९३१ ची, मग कलकत्त्याजवळ बाटानगर वसलं. टोमाश १९३२ मध्ये विमान अपघातात गेला. महायुद्ध संपल्यावर तिथल्या सरकारने कारखाने ताब्यात घेतले, आणि १९८९ नंतरच बाटांचं नाव मायदेशी परतलं. म्हणजे मधली चाळीसेक वर्षं साताऱ्यात बाटा होती आणि प्रागमध्ये नव्हती! त्या हिशेबाने काका अगदीच चुकले नाहीत. ही इमारतही १९२९ चीच, कॅथेड्रल पुरं झालं त्या सालची.

आत किमतींच्या शेवटी ९९. तेवढं पाहूनच घरी आल्यासारखं वाटलं. बूट घेतले, या महिन्याचं बजेट संपलं. पुढचे पंधरा दिवस खिचडी.

काकूंना नमस्कार.

तुझा,
पक्या

ता. क. डिसेंबरात येतोय. काकांच्या पायाचा नंबर सात की आठ, ते त्यांना न विचारता, सँडल उलटा करून बघ आणि कळव.