'खा आणि संपवा' एवढ्याने लायनफिश संपत नाही

संपादक, स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतला लायनफिशवरचा, म्हणजे बाहेरून येऊन इथल्या समुद्रात उपद्रव करणाऱ्या विषारी काट्यांच्या माशावरचा, लेख ई-पेपरवर वाचला. फोटो मस्त होते, पण 'खा आणि संपवा, झाला प्रश्न मिटला' असा जो एकंदर सूर होता तो काही पटला नाही म्हणून लिहितोय. मी फ्लोरिडात फोर्ट लॉडरडेलला राहतो, हौशी डायव्हर आहे, आणि १९८५ साली शेवंड पकडणाऱ्या एका मच्छीमाराला जिथे पहिला लायनफिश सापडला तो डॅनिया बीच आमच्या इथून अगदी जवळ आहे, त्यामुळे हा विषय इथे डायव्ह बोटीवर रोजचाच.

मासा तसा आपल्याच बाजूचा, हिंदी महासागर आणि पॅसिफिकमधला, आणि तिकडे त्याचा कुणाला त्रास नाही. इकडे तो आला तो काचेच्या टँकमधून, हौसेने पाळला आणि मोठा होऊन बाकीचे मासे खायला लागल्यावर दिला समुद्रात सोडून. १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळात कुणाचा तरी टँक फुटला आणि त्यातून सगळं सुरू झालं ही गोष्ट इथे अजूनही लोक रंगवून सांगतात, पण मासा त्याच्या सात वर्षं आधीच सापडला होता हे कोणी लक्षात घेत नाही. वादळावर ढकललं की बरं असतं ना! एक मादी वर्षाला वीस लाखांपर्यंत अंडी घालते, दर दोन-चार दिवसांनी घालतच असते, आणि इथल्या छोट्या माशांना हा खाणारा आहे हेच कळत नाही, ते पळतच नाहीत. बहामाजमध्ये एका प्रयोगात एकेका छोट्या रीफवर (प्रवाळाच्या खडकावर) एकच लायनफिश ठेवला तर पाच आठवड्यांत तिथे नव्याने येणारी पिल्लं ७९ टक्क्यांनी कमी झाली.

आता माझा खरा मुद्दा. फ्लोरिडा कीज नॅशनल मरीन सँक्च्युअरी, म्हणजे फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या बेटांभोवतीचा संरक्षित समुद्र, १९९० मध्ये झाली आणि तिथे २००९ च्या जानेवारीत हा मासा पहिल्यांदा दिसला. सँक्च्युअरीतले जे सगळ्यात कडक भाग आहेत तिथे भाला चालत नाही, गळ चालत नाही, कशालाच हात लावायचा नाही. नियम चांगलाच आहे, त्याच्यामुळे तर तिथे तांबोशी, हेकरू बऱ्यापैकी दिसतात. पण लायनफिशला कायदा कुठे वाचता येतो, त्याच्यासाठी ती आयती सुरक्षित जागा झाली, बाहेर भालेवाले आणि आत कोणी नाही. तेव्हा सँक्च्युअरीवाल्यांनी जे केलं ते मला फार शहाणपणाचं वाटतं. नियम उठवला नाही, तर ट्रेनिंग घेतलेल्या डायव्हरना खास परमिट दिलं, आणि तेही भाल्याचं नाही, हातजाळीचं. म्हणजे लायनफिश निघेल पण त्या नावाखाली कुणी हेकरू मारून आणणार नाही. बाहेरच्या पाण्यात मात्र फ्लोरिडाने मोकळीक दिलीय, किती पकडायचे आणि केवढे पकडायचे याला मर्यादाच नाही, आणि २०१४ पासून जिवंत लायनफिश राज्यात आणायलाही बंदी आहे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो की संरक्षित भागात माणसाने ढवळाढवळ करूच नये, निसर्ग आपला आपण सावरेल, मोठे हेकरू वाढले की तेच लायनफिश खातील. मलाही हे ऐकायला आवडलं असतं. बहामाजच्या एग्झुमा केज पार्कमध्ये, जिथे मासेमारी बंद आहे आणि हेकरू भरपूर, तिथे लायनफिश कमी दिसतात असं २०११ मध्ये छापून आलं आणि लोक खूश झाले. पण २०१३ मध्ये कॅरिबियनमधल्या ७१ रीफवरची पाहणी आली, त्यात हेकरू जास्त म्हणून लायनफिश कमी असं काही सापडलं नाही. मग काही ठिकाणी डायव्हर मेलेले लायनफिश शार्क आणि मोरे ईलना (सापासारख्या लांब, दातेरी माशांना) हाताने भरवू लागले, त्यांना चव लागावी म्हणून. लागली, पण डायव्हर दिसला की खाऊ मिळतो ही सवयही लागली, आणि भुकेला मोरे ईल तोंडासमोर येतो तेव्हा गंमत वाटत नाही हो.

राहता राहिलं खाणं. मासा चविष्ट आहे, मांस पांढरं, विष फक्त काट्यांत, १८ विषारी काटे असतात आणि ते कात्रीने कापले की झालं. काटा लागलाच तर शिंगाळ्याच्या काट्यासारखी कळ येते, सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा आणि डॉक्टर गाठायचा. २०१६ पासून इथे मोठ्या सुपरमार्केटमध्येही मिळायला लागला. पण तो एकेक करून भाल्याने नाहीतर हातजाळीने पकडावा लागतो, जाळ्यात भरभरून येत नाही, म्हणून महाग पडतो. शिवाय गिऱ्हाइकाला मोठा मासा हवा, बारके तसेच राहतात. आणि डायव्हर जिथे सहसा जात नाही तिथे, ३०० मीटर खोलीपर्यंत, हा मासा दिसलाय. म्हणजे वर कितीही मारा, खालून येतच राहणार.

म्हणूनच संपवायचं हे ध्येयच चुकीचं आहे असं मला वाटतं. बहामाजमध्येच २०१४ मध्ये दाखवून दिलं गेलं की एका ठरावीक मर्यादेच्या खाली लायनफिश ठेवले तर दीड वर्षात छोट्या माशांचं एकूण वजन ५० ते ७० टक्क्यांनी वाढतं. म्हणजे सगळे काढायची गरज नाही, पण ठरलेल्या जागी पुन्हा पुन्हा जावं लागतं, आणि ते काम रेस्टॉरंट करणार नाही, ते सँक्च्युअरीच्या बजेटमध्येच असायला हवं. सणासारखी वर्षातून एकदा लायनफिश डर्बी, म्हणजे शिकारीची स्पर्धा करायची, बक्षिसं वाटायची, फोटो काढायचे, हे चांगलंच आहे, मीही जातो, पण अर्धवट शिकार झालेल्या रीफवर उरलेले मासे दिवसा कपारीत लपून बसायला शिकतात आणि पुढच्या वेळी सापडतच नाहीत, हेही अभ्यासातून आलंय.

भूमध्य समुद्रात आता तेच सुरू झालंय, तिकडे त्याचा भाऊबंद सुएझ कालव्यातून शिरला आणि सायप्रसमध्ये केप ग्रेकोच्या संरक्षित भागात डायव्हरच्या तुकड्या तो काढतायत.

लेखात एक चौकट टाकली असती तर बरं झालं असतं, टँकमधला मासा नको झाला तर दुकानात परत द्या, ओळखीच्याला द्या, पण नदीत, तलावात, समुद्रात सोडू नका. आपल्याकडे टँकची काच साफ करायला आणतात तो सकरमासा नद्या-तलावांत असाच पसरलाय. 'सोडून दिला, पुण्य मिळालं' असं म्हणणारे माझ्याही नात्यात आहेत. पुढच्या पुरवणीत जागा असेल तर एवढं तरी छापा.

कळावे,
आपला एक वाचक, फोर्ट लॉडरडेल, फ्लोरिडा