मतपत्रिकेवर छापायचे काय?

महोदय,

तलावपाळीवर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या कंपूत सध्या एकच घोषा आहे. ठाण्याहून बोरिवलीला जाणारा जुळा बोगदा असो की घोडबंदर रस्त्यावरची वाहतूक कोंडी, 'लोकांनाच विचारा, सार्वमत घ्या!' जो सर्वांत तावातावाने हे मागतो, त्याचीच 'सगळे नेते एकजात चोर' यावर गाढ श्रद्धा असते. युरोपातल्या अभ्यासकांनाही ही सांगड आढळली आहे. आणि आपली बाजू पडणार असा अंदाज आला की हा उत्साह ओसरतो, हेही.

सार्वमत म्हणजे खूळ, असे मी म्हणत नाही. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याला थेट विचारले गेले : महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे? विलीनीकरणाचा कैवार घेणारे भाऊसाहेब बांदोडकर तेव्हा तिथले सर्वांत लोकप्रिय नेते, तरी ३४,०२१ मतांनी विलीनीकरण हरले. पुढे काही आठवड्यांतच झालेल्या निवडणुकीत त्याच मतदारांनी बांदोडकरांना पुन्हा सत्तेवर बसवले! नेता हवा, पण त्याचा हा बेत नको, हे सांगायला निवडणूक पुरी पडली नसती.

उलट ब्रिटन पाहा. २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के मतांनी युरोपीय संघ सोडायचे ठरले, पण सोडून जायचे कुठे आणि कोणत्या अटींवर, हे मतपत्रिकेवर नव्हतेच. प्रत्यक्ष बाहेर पडायला जानेवारी २०२० चा शेवट उजाडला. तोवर दोन पंतप्रधान घरी गेले होते. नौपाड्यातल्या आमच्या जुन्या इमारतीत मी हेच छोट्या प्रमाणावर भोगले आहे. सभेत विचारले, 'पुनर्विकास हवा ना?' भराभर हात वर झाले, माझाही. चटईक्षेत्र किती, भाडे किती, हे कागद नंतर आले आणि भांडणे त्यानंतर.

आपल्याकडच्या दारूबंदीच्या मतदानाची रीत मला म्हणूनच शहाणपणाची वाटते. आधी एक चतुर्थांश महिलांच्या सह्या, त्यांची पडताळणी, मग गुप्त मतदान : उभी बाटली की आडवी? दुकान बंद व्हायला यादीतल्या एकूण महिलांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. आलेल्यांपैकी निम्मी नव्हे. घरी बसलेली बाई दुकानदाराच्या पथ्यावर पडते, त्यामुळे कार्यकर्त्यांना दारोदार हिंडावेच लागते. कठोर आहे खरे. पण प्रश्न एकच असतो आणि उत्तराचे भोग उत्तर देणारीच्या दारात.

परवा कट्ट्यावर मी विचारले, 'बोगद्याच्या मतपत्रिकेवर नेमके काय छापायचे आणि यादी कुणाची?' मानपाड्याचे म्हणाले, खोदकाम आमच्या दारात, तेव्हा मत आमचेच. नौपाड्याचे म्हणाले, कर आम्हीही भरतो. बोरिवलीकरांचे नाव कुणी काढलेच नाही.

आपला,
एक वाचक, नौपाडा, ठाणे (प.)