२२/७ म्हणजे पाय नव्हे

संपादक महोदय,

आमच्या वर्कशॉपमध्ये शिकायला येणाऱ्या पोरांना पायची किंमत विचारली, की ती ठामपणे २२/७ सांगतात. ही किंमत जवळची आहे, नेमकी नव्हे, हे त्यांना कुणी ठासून सांगितलेलंच नसतं. १० मीटर व्यासाच्या टाकीचा पत्रा २२/७ धरून कापला, तर घेर साडेबारा मिलिमीटरने जास्त भरतो. सांधा जुळवताना हा फरक फार मोठा! ३.१४१६ धरलं तर तो मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. ही किंमत आर्यभटांनी इ. स. ४९९ मध्येच दिली होती: व्यास २०,०००, परीघ ६२,८३२. शिवाय ती जवळपासची आहे, हेही त्यांनी श्लोकातच नोंदवलं. शिक्षकांनी सूत्र देतानाच एवढं सांगावं, ही कळकळीची विनंती.

– एक फॅब्रिकेटर, इचलकरंजी