दुचाकीवरचा वारा आणि कान

मा. संपादक,

मोठ्या आवाजाचे सायलेन्सर जप्त झाले, त्यांच्यावर रोडरोलर फिरवला, अशा बातम्या आणि छायाचित्रे अधूनमधून छापून येतात. ती कारवाई व्हायलाच हवी. पण त्यातून दुचाकीचा आवाज म्हणजे सायलेन्सरचा आवाज, आणि त्याचा त्रास इतरांना, असा समज पक्का होतो. हायवेवर चालवणाऱ्याच्या स्वतःच्या कानाचे नुकसान वारा करतो, आणि कंपनीतून आली तशी शांत गाडी चालवणाराही त्यातून सुटत नाही.

ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास वाऱ्याचा आवाज इंजिनाच्या आवाजावर मात करतो. तेव्हा हेल्मेटच्या आत, कानापाशी, साधारण ९० डेसिबल भरतात. १०० च्या वेगाला ते ९५ ते १०० होतात. हेल्मेट, पुढची काच आणि चालवणाऱ्याची उंची यांनुसार आकडा मागेपुढे होतो. ३ डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. म्हणून कानाच्या सुरक्षिततेचा हिशोब असा मांडतात: ८५ डेसिबल दिवसाला ८ तास चालतात, ८८ असतील तर ४ तास, ९१ ला २, ९४ ला १ तास आणि १०० ला फक्त १५ मिनिटे. पुण्याहून साताऱ्याकडे सलग ८० च्या वेगाने निघालात आणि कानापाशी ९४ डेसिबल असतील, तर खंबाटकी घाटाशी पोचेपर्यंत दिवसभराचा कोटा जवळपास संपलेला असतो. परतीचा प्रवास बाकीच असतो.

आवाजामुळे येणारा बहिरेपणा १९४८ च्या कारखाने कायद्याने अधिसूचित, म्हणजे सरकारला कळवावेच लागणाऱ्या, आजारांच्या यादीत घातला होता. एमआयडीसीतल्या पत्रा दाबून भाग काढणाऱ्या प्रेस शॉपमध्ये कामगार कानात प्लग घालतो. शिफ्ट संपली की तो प्लग काढतो आणि तितक्याच किंवा त्याहून मोठ्या आवाजात तासभर गाडी चालवत घरी जातो. औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, वसुलीवाले, रोज तालुक्याहून जिल्ह्याला ये-जा करणारे यांचे तर हे रोजचेच आहे.

गाडीवरून उतरल्यावर कानाला दडे बसल्यासारखे वाटणे किंवा बारीक शिटी वाजत राहणे ही पहिली खूण. रात्रीतून ते जाते, म्हणून कोणी मनावर घेत नाही. पण आतल्या कानातल्या केसासारख्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. ऐकू येणे आधी ४००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे बारीक, उंच स्वरांत, घटते. त्यामुळे माणसाला आवाज ऐकू येतो पण शब्द कळत नाही. ‘साठ’ म्हटले की ‘आठ’ ऐकू येते, आणि समोरचा पुटपुटतो असे वाटत राहते.

हेल्मेट डोके वाचवण्यासाठी असते आणि ते घातलेच पाहिजे. आवाज मात्र त्याच्या कवचावरूनच तयार होतो आणि हनुवटी-मानेच्या फटीतून आत शिरतो. त्यावर स्वस्त आणि खात्रीचा उपाय एकच: फोमचे इअरप्लग. एमआयडीसीजवळच्या सेफ्टीच्या दुकानात किंवा ऑनलाइन दहा-वीस रुपयांत जोडी मिळते. कापसाचे बोळे उपयोगाचे नाहीत, त्यातून आवाज जवळपास तसाच आत जातो.

प्लग नीट न बसणे हीच सगळ्यात मोठी चूक असते. हात धुवा. प्लग बोटांत वळून सुरकुती न पडता काडीसारखा बारीक करा. दुसरा हात डोक्यावरून घेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, म्हणजे वळणदार नळी सरळ होते. प्लग लगेच आत सरकवून ३० सेकंद बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो फुगताना बाहेर येतो. बरोबर बसला की स्वतःचा आवाज घुमल्यासारखा येतो आणि कानावर ओंजळ धरली तरी फारसा फरक पडत नाही. टोक बाहेर डोकावत असेल तर हेल्मेट घालताना कान दुमडून प्लग निसटतो. प्लग किती आवाज अडवतो याचा पाकिटावरचा आकडा ३० डेसिबलच्या वर असला तरी प्रत्यक्षात त्याच्या निम्माच धरा. तेवढ्यानेही १०० चे ८५ होतात. काढताना हळूहळू पिळत काढा आणि मळलेला प्लग फेकून द्या. कान वाहत असेल किंवा पडद्याला छिद्र असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्लग घालू नका.

हॉर्न ऐकू येणार नाही, ही भीती प्रत्येक जण बोलून दाखवतो. हायवेच्या वेगाला हॉर्न वाऱ्याखाली आधीच दबलेला असतो. प्लग दोन्ही आवाज खाली आणतो, म्हणून वाऱ्यावर उठून येणारा हॉर्न प्लग असतानाही उठून येतो. गावात ३०-४० च्या वेगाला मात्र हा आक्षेप खरा आहे. तिथे प्लग काढावेत किंवा कमी आवाज अडवणारे फिल्टरचे प्लग वापरावेत. ज्यांना आधीच कमी ऐकू येते त्यांनी तपासणी करूनच ठरवावे. गाण्यांचे इअरफोन हा पर्याय नव्हे. वाऱ्यावर मात करायला आवाज वाढवावा लागतो आणि कानावरचा भार उलट वाढतो.

पुढे मोठी काच असेल तर मोकळ्या सरळ रस्त्यावर स्थिर वेगात मान दोन-तीन इंच उंच करून पाहा. आवाज कमी झाला तर काचेच्या वरच्या कडेवरून सुटणारी भोवऱ्यांची हवा थेट हेल्मेटवर आदळते आहे. अशी काच नसलेली बरी, नाहीतर ती खाली घ्या. मानेभोवती रुमाल गुंडाळला की खालची फट बुजते. सैल व्हायझर आणि हेल्मेटवर चिकटवलेला कॅमेरा हे दोन्ही आवाज वाढवतात. मोबाइलवरच्या डेसिबल ॲपने चालत्या गाडीवर मोजू नका. वारा थेट माइकवर आदळतो आणि आकडा खोटा येतो.

रोज हायवेवर असणाऱ्याने वर्षातून एकदा ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्यावी. त्याआधीचे १४ तास मोठ्या आवाजापासून दूर राहावे, नाहीतर तात्पुरता दडाही तपासणीत कायमच्या दोषासारखा दिसतो. परिवहन विभागाने शिकाऊ परवान्याच्या माहितीत हेल्मेटशेजारी इअरप्लगचे दोन परिच्छेद घालावेत, आणि आपल्या कर्मचाऱ्यांना कामासाठी दुचाकीवर फिरवणाऱ्या कंपन्यांनी महिन्याला प्लगचे एक पाकीट प्रत्येकाला द्यावे, ही विनंती.

आपला,
एक श्रवणतज्ज्ञ, पुणे